हिरव्या रेषेतला थांबा

मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी कोणालाच ते पहिल्या दिवशी नीट म्हणता आलं नाही. कोणी 'ऑक्सिस्कोप' म्हणे, कोणी 'ऑसिलो काका'. शेवटी एका उन्हाळ्यात एका मुलीने मला 'हिरवोबा' अशी हाक मारली आणि मग तेच नाव राहिलं.

दिसायला मी फार देखणा नाही. राखाडी पत्र्याची जड पेटी, समोर तळहाताएवढा काचेचा पडदा, पडद्यावर आखलेले चौकोन आणि उजव्या बाजूला फिरवायची बटणं. बटण दाबलं की माझ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उगवतो आणि डावीकडून उजवीकडे पळू लागतो. तारेतून येणारी वीज वर-खाली झाली की ठिपकाही वर-खाली होतो आणि त्याच्यामागे एक हिरवी रेषा उमटते. वीज, आवाज, थरथर अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मी दाखवतो. एवढंच माझं काम. आयुष्यभर मी तेवढंच केलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही सारखे दिसणारे कितीतरी भाऊ एका रांगेत उभे होतो. एका माणसाने प्रत्येकाची रेषा तपासली आणि आम्हाला खोक्यांत बंद केलं. खोकं उघडलं तेव्हा मी तळोजाच्या एका कंपनीत, दुरुस्तीच्या खोलीत, लांब टेबलावर होतो आणि समोर आशालताबाई उभ्या होत्या. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या. त्या खोलीत काम करणाऱ्या त्या एकट्याच बाई. सकाळी आल्या की पर्स खुंटीला लावायच्या आणि आधी माझं बटण दाबायच्या. मला गरम व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात त्या डबा कपाटात ठेवून, हात धुऊन यायच्या. तोवर माझी रेषा तयार असायची.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कुठलं यंत्र बंद पडलं, मोटार गुरगुरायला लागली, की मला ट्रॉलीवर बसवून तिथे न्यायचे. मोठमोठे साहेब माझ्या पडद्याकडे वाकून बघायचे. एकदा एका साहेबांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला खात्री आहे का?" बाईंनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. "सर, रेषेला विचारा," त्या म्हणाल्या. पत्र्याच्या पेटीला छाती असती तर ती फुगली असती.

पुढे नवीन यंत्रं आली. सपाट, हलकी, रंगीत पडद्याची. मी आधी टेबलाच्या कोपऱ्यात गेलो, मग खालच्या फळीवर, मग जिन्याखाली. माझ्या अंगावर धूळ साचली आणि धुळीवर कोणीतरी बोटाने आपलं नाव लिहून गेलं. बाईंच्या निवृत्तीचा दिवस आला तेव्हा मी भंगारात जायच्या ढिगात होतो. साहेबांनी निरोप समारंभात बाईंना विचारलं, "तुमच्यासाठी भिंतीवरचं घड्याळ आणायचं ठरवलंय, चालेल ना?"

"घड्याळ घरात आहे," बाई म्हणाल्या. "जिन्याखालचा तो स्कोप द्या."

सगळे हसले, पण मी बाईंना मिळालो. त्या रिक्षात बसल्या आणि मला मांडीवर घेतलं. तळोजा ते नवीन पनवेल, संपूर्ण रस्ताभर त्यांनी माझ्या पडद्यावर हात ठेवला होता, खड्ड्यात आपटून काच फुटू नये म्हणून.

नवीन पनवेलमधलं त्यांचं घर तळमजल्यावर होतं. पुढे ग्रिल लावलेला मोठा व्हरांडा. तिथेच आमचा वर्ग सुरू झाला. तो कोणी ठरवून काढला नव्हता. मे महिन्यात शेजारची मुलं दिवसभर जिन्यात बसून कंटाळायची. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही तो मिक्सर का उघडलाय?" बाई म्हणाल्या, "ये, तूच सांग तो का बंद पडलाय." दुसऱ्या दिवशी ती आणखी चौघांना घेऊन आली. पुढच्या सुट्टीत व्हरांडा भरला. पुढच्या वर्षी खारघरहून, उरणहून मुलं यायला लागली. आठवी ते दहावीची मुलं, उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी. पालक त्याला 'सायन्स क्लास' म्हणायचे. मुलं म्हणायची 'उचापती'.

काय काय चालायचं त्या व्हरांड्यात! बांबूच्या काड्या आणि रबराचे छल्ले घेऊन भूमितीचे घुमट उभे राहायचे. बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीची उंची सावलीवरून काढायची, मग गच्चीवरून दोरी सोडून ती खरी आहे का ते बघायचं. गरम शिशाने तारा डागून जोडताना बोटं भाजायची आणि बाई शांतपणे थंड पाण्याचं भांडं पुढे करायच्या. दुपारी समोरच्या बिल्डिंगमधली अनुया यायची. ती घरूनच संगणकाची नोकरी करायची आणि जेवणाच्या सुट्टीत मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवायची. मुलं छोट्या सर्किटवर दिवे लावायची, विझवायची आणि प्रत्येक वेळी जग जिंकल्यासारखी ओरडायची.

आणि पहिल्या दिवशी मान माझा असायचा. बाई माझ्या तारेला माइक जोडायच्या आणि प्रत्येकाला आपलं नाव सांगायला लावायच्या. आपलं नाव हिरव्या डोंगरांसारखं पडद्यावर उमटताना पाहून मुलं खुळी व्हायची. कोणी शीळ घालायचं आणि गुळगुळीत लाट यायची. कोणी टाळी वाजवायचं आणि एक उंच काटा यायचा. व्हरांड्यात वीस जणांची गर्दी असूनही माझ्यासमोर आलेलं मूल क्षणभर एकटं असायचं, आपल्याच आवाजाकडे बघत.

पण मित्रांनो, काळ बदलतो. हळूहळू मुलांच्या खिशात फोन आले. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, "बाई, याचं तर अ‍ॅप आहे." खरंच होतं. त्याने फोनवर लाट दाखवली, रंगीत, सुंदर. त्या वर्षी पहिल्या दिवशी माइक मला जोडला गेला नाही. बाईंनी माझ्यावर जुन्या साडीचं आवरण घातलं. आवरणावर वायरींचा डबा आला, डब्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मला राग आला नाही. माझी रेषा फिकट होत चालली होती, ते मलाही कळत होतं. आमच्या पोटातली काचेची नळी म्हातारी झाली की असंच होतं. नवी नळी आता कुठे मिळत नाही.

अशात गेल्या उन्हाळ्यात भाविका आली.

ती गव्हाण गावची. नुकतीच नववी झालेली, लांब वेणी, मान खाली. तिचे वडील धर्मराज तिला गाडीवरून सोडायला आले होते. पूर्वी त्यांची गव्हाणला शेती होती. आता ते जासईच्या कंटेनर यार्डांमध्ये आपले ट्रेलर भाड्याने देत होते. उंच, धिप्पाड माणूस, पण लेकीच्या बाबतीत फार हळवा. बाईंनी भाविकाला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

भाविकाने तोंड उघडलं. ओठ जुळले आणि तसेच राहिले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"भाविका," धर्मराज चटकन म्हणाले. "भाविका हाय तिचं नाव. बाई, तिला पटकन नाय बोलता येत. अडतं. काय लागलं तं मला फोन करा, मी सांगीन."

नंतर बाईंना त्यांच्याकडूनच सगळं कळलं. गेल्या वर्षी शाळेत तोंडी परीक्षेच्या वेळी भाविका एका शब्दावर अडली आणि वर्ग हसला. तेव्हापासून तिने शाळेत बोलणंच सोडलं होतं. हजेरीला हात वर करायची. घरीसुद्धा आई, वडील, आत्या तिच्या ओठांकडे बघून शब्द ओळखायचे आणि तिच्या आधी म्हणून टाकायचे. सगळे प्रेमानेच करायचे. त्या प्रेमात तिचं बोलणं संपत आलं होतं.

वर्गातही तेच झालं. सत्यजीत नावाचा एक मुलगा होता, नुकताच पुण्याहून पनवेलला राहायला आलेला, हुशार आणि अखंड बडबड्या. भाविकाला काही हवं असलं की तो मदतीला धावायचा.

"मला प-प-" ती म्हणायची.

"पक्कड? पाणी? पेन्सिल? पट्टी!" सत्यजीत एका दमात यादी वाचायचा आणि बरोबर आलं असं वाटलं की खूश व्हायचा, जसं काही कोडं सुटलं. भाविकाला खरं तर पंखा हवा असायचा. ती मग पट्टी घ्यायची आणि घामाघूम होऊन बसून राहायची.

त्या वर्षी अनुयाने मुलांकडून एक प्रोग्रॅम लिहून घेतला होता. लॅपटॉपसमोर बोललं की आवाजाची लाट पडद्यावर यायची आणि साठवली जायची. मुलं खूप रंगून गेली होती. सगळ्यांचं झाल्यावर अनुया भाविकाला म्हणाली, "ये ना, तू पण करून बघ. हळूहळू बोल, घाई नाही."

भाविका लॅपटॉपसमोर बसली. तिने धीर केला. "म-माझं न-" आणि ती अडली. लॅपटॉपने टिंग असा आवाज केला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'बोलणं संपलं.' तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा टिंग. शांतता आली की बोलणं संपलं असं समजायचं, असं मुलांनीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, जागा वाया जाऊ नये म्हणून. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. पण भाविका उठली आणि मागे जाऊन बसली. माझ्या शेजारी.

दुपारी मुलं जेवायला घरी जायची. गव्हाण लांब, म्हणून भाविका डबा आणायची आणि व्हरांड्यातच थांबायची. त्या दुपारी तिने डबा उघडलाच नाही. ती माझ्याकडे बघत बसली. मग तिने वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली ठेवला, वायरींचा डबा उचलला, साडी बाजूला केली. बाई तेव्हा आत पोळ्या करत होत्या. आवाज ऐकून त्या दाराशी आल्या. भाविका दचकली.

"लाव की," बाई म्हणाल्या. "माइक त्या खणात आहे. त्याला वेळ लागतो हं जरा. म्हातारा झालाय."

भाविकाने बटण दाबलं. मी गरम व्हायला लागलो. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात ऊब आली. पडदा काळाच होता. ती खुर्चीवर बसून वाट बघत होती. घाई नाही, चुळबुळ नाही. वाट बघणं तिला चांगलं ठाऊक होतं. शेवटी माझा ठिपका उगवला, फिकट का होईना, आणि सावकाश चालू लागला. बाईंनी पुढे येऊन एक बटण फिरवलं, त्यामुळे ठिपका इतका हळू झाला की नजरेने त्याच्याबरोबर चालता यावं. मग त्या आत गेल्या.

भाविकाने माइक हातात धरला. आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि आपलं नाव घ्यायला लागली.

ओठ जुळले. शब्द आला नाही. माझा ठिपका सपाट चालत राहिला. उजवीकडे पोचला, पुन्हा डावीकडून निघाला. मी काय करणार होतो? मला दुसऱ्याचा शब्द पुरा करता येत नाही. माझ्याकडे जे येतं तेवढंच मी दाखवतो. पण त्या सपाट रेषेत एक बारीकशी थरथर होती, पाण्यावर वाऱ्याने उठते तशी. भाविका पुढे वाकली. तिला ती दिसली. आणि मग एकदम "भ-भाविका!" पडद्यावर दोन लहान टेकड्या आल्या आणि त्यांच्यामागून मोठा डोंगर.

ती कितीतरी वेळ आपलं नाव घेत राहिली. कधी अडली, कधी नाही. डबा तसाच राहिला.

त्या दिवसापासून रोजची दुपार आमची झाली. तिने चौकोन मोजायला सुरुवात केली. एक चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, हे बाईंनी तिला एकदाच सांगितलं. मग ती वेगवेगळे शब्द म्हणून बघू लागली. एका दुपारी बाई चहा घेऊन आल्या तेव्हा तिने माइक त्यांच्यापुढे धरला.

"बाई, प-पत्ता म्हणा."

"पत्ता," बाई म्हणाल्या.

भाविका पडद्याकडे बघून थबकली. "पुन्हा."

"पत्ता."

आधी एक छोटी टेकडी, मग सपाट रेषा, मग मोठी टेकडी. बाईंच्या 'पत्ता'च्या मधोमध रेषा सपाट झाली होती. तिथे आवाज नव्हताच.

"बाई, त-तुम्ही थांबलात," भाविका कुजबुजली. "म-मधे."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. त्यांनी स्वतःच पुन्हा म्हटलं, "पत्ता. चिक्कू. कप्पा." प्रत्येक शब्दात सपाट तुकडा. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढली, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, खरंच की," त्या म्हणाल्या. "अशा जोडाक्षरात ओठ नाहीतर जीभ वाट बंद करते आणि आवाज अडतो. त्याशिवाय अक्षरच होत नाही."

दुसऱ्या दिवशी सत्यजीत लवकर आला. भाविकाने त्याला खुणेने बोलावलं.

"काय? माइक? मी बोलू? काय बोलू?" तो म्हणाला.

"च-"

"चहा? चमचा?"

भाविकाने त्याच्या तोंडासमोर हात धरला. सत्यजीत गप्प झाला. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. तिने शब्द संपवला, "च-चिक्कू म्हण."

"चिक्कू," तो म्हणाला.

तिने पडद्यावरच्या सपाट तुकड्यावर बोट ठेवलं. "हे बघ. त-तू पण अडतोस."

"मी? छे!" त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा सपाट. भरभर म्हटलं, ओरडून म्हटलं, सपाट तुकडा जाईना. मग तो खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे सगळेच अडतात? मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?"

"माझा थ-थांबा लांब आहे," भाविका म्हणाली आणि चौकोन मोजून त्याला दाखवला.

सत्यजीतने स्वतःही चौकोन मोजून बघितले. त्या दिवसानंतर ती 'प' वर अडली की तो पक्कड, पाणी, पेन्सिल म्हणेनासा झाला. त्याला ते फार जड जायचं. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. पंखा पहिल्यांदा त्याच आठवड्यात लागला.

सुट्टीच्या शेवटी दर वर्षी पालकांना बोलावून मुलांनी केलेलं दाखवायचं असे. बाईंनी विचारलं, कोण काय दाखवणार? भाविकाने हात वर केला. हजेरीसारखा नव्हे. पुरता, सरळ.

संध्याकाळी धर्मराज तिला न्यायला आले तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"नको बाई," ते म्हणाले. "शाळंत काय झालं ते तुमाला सांगितलंय मी. लोकं हसली तं ही घरात पन बोलायची नाय. आमाला ते पुन्हा नको."

"स्टेज नाहीये हो, माझा व्हरांडा आहे," बाई म्हणाल्या. "आणि तिने स्वतः हात वर केलाय."

"तिचं वय काय? तिला काय कळतंय?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तिचे ओठ तसे झाले ना बाई, का मीच बोलून टाकतो. मला नाय बघवत."

भाविका दारात उभी राहून ऐकत होती. "प-पप्पा," ती म्हणाली. "म-मी करणार."

धर्मराजांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "मी पुढंच बसनार. काय झालं तं मी हाय."

आता अडचण माझी होती. मित्रांनो, त्या आठवड्यात माझी तब्येत फार बिघडली. रेषा मधेच नाहीशी व्हायची. बाईंनी मला उघडून दोन भाग बदलले, धूळ काढली, जोड पुन्हा डागले. रेषा परत यायची आणि पुन्हा फिकी पडायची. अनुया म्हणाली, "बाई, लॅपटॉप तयार ठेवू या."

"त्याचं ते टिंग?" बाई म्हणाल्या.

अनुया ओशाळली. मग ती भाविकाशेजारी येऊन बसली. "आपण ते बदलू या का? शांतता आली तरी थांबायचं नाही, असं लिहू. तू सांग कसं." दोघींनी मिळून प्रोग्रॅमच्या ओळी खोडल्या, नव्या लिहिल्या. बोलणं कधी संपलं ते आता बोलणाराच बटण दाबून सांगणार होता. पण अजून तो नीट चालत नव्हता, मधेच अडकायचा. शेवटी भाविका मला थोपटून म्हणाली, "हा च-चालेल." मला तेव्हा वाटलं, काहीही होवो, एक दुपार तरी टिकायचं.

तो दिवस उकाड्याचा होता. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, जागा नव्हती ते ग्रिलला टेकून उभे होते. घुमट झाले, दिवे झाले, सावलीची उंची झाली. टाळ्या झाल्या. मग भाविका माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. माझी रेषा फिकट होती म्हणून बाईंनी ग्रिलवरचे पडदे ओढले, दिवे मालवले. लोक पुढे वाकले. पहिल्या खुर्चीत धर्मराज होते, गुडघ्यांवर हात घट्ट रोवून.

"म-माझं नाव," भाविका म्हणाली आणि ओठ जुळले.

ठिपका सपाट निघाला. कोणीतरी खोकलं. ठिपका उजवीकडे पोचला.

"भाविका," धर्मराज म्हणाले. टेबलावरून कप पडताना हात आपोआप पुढे जावा, तसं त्यांच्या तोंडून गेलं.

भाविका त्यांच्याकडे वळली. "पप्पा, थ-थांबा. मी अजून ब-बोलतेय."

धर्मराजांनी मान हलवली. भाविका पुन्हा माइककडे वळली. ठिपका डावीकडून निघाला, ती बारीक थरथर घेऊन चालत राहिला. या वेळी सगळे त्याच्याबरोबर चालत होते. आणि मग ते नाव आलं, टेकड्यांमागून डोंगर. एका लहान पोराने "आलं!" असं ओरडून टाळी वाजवली.

मग तिने शब्दांमधल्या सपाट तुकड्यांचं सगळं सांगितलं. सावकाश, अडत, पुन्हा सुरू करत. शेवटी तिने माइक वडिलांसमोर धरला. "तुम्ही आ-आजोबांना काय म्हणायचात?"

धर्मराज गोंधळले. "आप्पा," ते म्हणाले. बहुधा पुष्कळ दिवसांनी त्यांनी ती हाक मारली होती, कारण तिचा शेवट जरा कापला. पडद्यावर टेकडी आली, मग सपाट रेषा, मग दुसरी टेकडी.

"हा तुमचा थ-थांबा," भाविका म्हणाली.

"म्हंजे माजं पन अडतं?" धर्मराज म्हणाले. लोक हसले. ते स्वतःही हसले आणि भाविकाही.

आणि तेवढ्यात मी विझलो.

आतून कुठेतरी बारीक आवाज झाला. रेषा एका ठिपक्याएवढी आक्रसली आणि गेली. माझ्या तारांपर्यंत आवाज पोचत होता, पण दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. बाईंनी बटण दाबून बघितलं. काही नाही. इतक्या वर्षांत मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. अनुया लॅपटॉपकडे धावली. सत्यजीत अर्धा उठला होता, त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तो हात मांड्यांखाली घेऊन पुन्हा बसला. बाईंनी दिवे लावले. सगळ्यांना वाटलं, आता संपलं.

भाविकाने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. "रेषा ग-गेली," ती म्हणाली. "पण म-माझं राहिलंय."

ती पुढे अडली. मोठा अडथळा होता. आता लोकांना बघायला हिरवी रेषा नव्हती, चौकोन नव्हते. तिचा चेहराच होता समोर, ताठ झालेल्या शिरा, जुळलेले ओठ. लोक त्याच्याकडे बघत थांबले. धर्मराजही बघत थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी नजर काढली नाही आणि तोंड उघडलं नाही.

"ल-लोक म्हणतात," भाविका म्हणाली, "मी थांबले की माझं बोलणं स-संपलं. संपलेलं नसतं. आत च-चालू असतं. एवढंच सांगायचं होतं."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. ती अजून बोलणार आहे का, हे सगळे बघत होते. तिने माइक खाली ठेवला, मग वाजल्या.

ती माझी शेवटची रेषा. त्यानंतर मी उजळलो नाही. बाईंनी पावसाळाभर प्रयत्न केले, मग सोडून दिले. भंगारवाला दारावर आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. कोणीतरी सुचवलं, काचेच्या कपाटात ठेवा, शोभेल. तेही त्यांनी केलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मला टेबलावर घेऊन मुलांबरोबर उघडायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. आतली वीज कशी सुरक्षित काढून टाकायची, ठिपका कोण पळवतो, रेषा कुठून निघते, हे मुलं स्वतःच्या हातांनी बघणार आहेत. मग काच काचेच्या ढिगात, तांबं तांब्याच्या. मला त्याची भीती वाटत नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आतलं दाखवलं, आता माझ्या आतलं कोणी बघणार असेल तर त्यात वाईट काय?

परवा बाईंनी गव्हाणला फोन लावला. फोन टेबलावर माझ्याशेजारीच होता. पलीकडून धर्मराजांचा आवाज आला.

"दिवाळीच्या वर्गाला भाविका येणार ना?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला सांगू बाई? तिलाच इचारा. घ्या, देतो."

मग फोनवर काहीच ऐकू येईना. मागे कुठेतरी ट्रेलरचा भोंगा वाजला, भांड्याचा आवाज झाला. पलीकडे धर्मराज जवळच उभे असणार, पण ते बोलले नाहीत. बाईंनी 'हॅलो, हॅलो' केलं नाही. चष्मा काढून पदराने पुसत त्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"य-येणार."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. ती फेकण्याआधी एकदा तिच्यापाशी बसा, मोठ्यांना विचारून ती उघडून बघा, तिने कोणाकोणाची कामं केली ते विचारा. आणि तुमच्यासमोर कोणी बोलता बोलता अडलं, तर त्याचा शब्द त्याच्याकडेच राहू द्या. तो येतोय.